पलटणीतल्या पूर्वजाचा शोध : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सैन्यात गेलेल्या आणि परत न आलेल्या घरच्या माणसाची कबर कोठे असेल, असे विचारणारी जी पत्रे आली, त्यांतली सहा येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची व त्यांच्या पूर्वजांची नावे गाळली असून पत्रांतील मजकूर आवश्यक तेवढाच दिला आहे.

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून बसऱ्याला गेले आणि तिकडेच वारले. घरात ब्राँझची एक जड, गोल तबकडी आहे. तिच्यावर हात पुढे करून उभी असलेली एक स्त्री, एक सिंह आणि इंग्रजी अक्षरांत पणजोबांचे नाव आहे. घरात तिला ‘राणीचा बिल्ला’ म्हणतात. पलटणीचा क्रमांक कोणालाच माहीत नाही. आजी मात्र ‘काळी पाचवी’ असे काहीतरी सांगत असे. त्यांची कबर बसऱ्याला नेमकी कोठे आहे, हे कसे शोधावे?

उत्तर : आपल्या पणजोबांची स्वतंत्र कबर असण्याची शक्यता फार थोडी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. त्या काळच्या भारतीय सैन्यात हिंदू आणि शीख शिपायांचे, परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा, दहन केले जाई आणि मुसलमान व ख्रिस्ती शिपायांचे दफन होई. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढाई, पटकी, उष्माघात आणि कैद यांत इतकी माणसे गेली की दफन झालेल्या कित्येकांच्याही जागा पुढे सापडल्या नाहीत. अशा, कबर ज्ञात नसलेल्या माणसांसाठी बसरा स्मारक उभारले गेले आणि १९२९ मध्ये त्याचे अनावरण झाले. १९१४ च्या शरद ऋतूपासून ऑगस्ट १९२१ अखेरपर्यंत त्या आघाडीवर मरण पावलेल्या ४०,००० हून अधिक जणांचे हे स्मारक असून त्यांत भारतीयांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. तेव्हा आपल्याला कबर शोधायची नसून एक नोंद शोधायची आहे, आणि ती नोंद सापडायची तर पलटण, शिपायाचा क्रमांक, वडिलांचे नाव आणि गाव या चार गोष्टींपैकी निदान दोन हाती असाव्या लागतात.

घरातली तबकडी येथे वाटते तितकी उपयोगाची नाही. तिच्यावरची स्त्री राणी नसून ब्रिटनचे प्रतीक मानली जाणारी ब्रिटानिया आहे. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी युद्धात मरण पावलेल्या प्रत्येकाच्या जवळच्या वारसाला देण्यात आली. मरणात सर्व समान, या विचाराने तिच्यावर हुद्दा, क्रमांक किंवा पलटण काहीही कोरले गेले नाही, फक्त नाव कोरले गेले. म्हणून मृत्यू सेवेच्या संदर्भात झाला, याचा ती भक्कम पुरावा ठरते. मात्र एकाच नावाचे अनेक शिपाई असताना त्यांतले आपले कोणते, हे ती सांगू शकत नाही. ते काम पदके करतात. ब्रिटिश वॉर मेडल हे चांदीचे पदक घरात, एखाद्या चुलत शाखेकडे किंवा जुन्या पेटीत असेल, तर त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता कडेकडे पाहावे. त्या अरुंद कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ चा तारा असेल तर हीच माहिती त्याच्या पाठीवर मिळते. मजुरांच्या तुकड्यांतील आणि इतर बिगरलढाऊ लोकांना हेच वॉर मेडल ब्राँझमध्ये दिले गेले. त्यामुळे पदकाचा धातूदेखील माणसाचे काम काय होते ते सांगून जातो. अक्षरे पुसट असतील तर तिरप्या उजेडात भिंगाने वाचावीत किंवा छायाचित्र काढून मोठे करावे. चिंच किंवा पॉलिश लावून पदक घासण्याचा मोह मात्र आवरावा, कारण वाचायची असतात ती अक्षरे त्यानेच आधी झिजतात.

आजींनी सांगितलेली ‘काळी पाचवी’ हा आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा धागा आहे. हे १०५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाव असून ती पलटण मेसोपोटेमियात लढली. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन ती हीच आणि ते नाव तेथे अजून अभिमानाने चालते. अशा घरगुती आठवणी कागदाशी जोडता याव्यात म्हणून पुढील साखळी लक्षात ठेवावी. पहिल्या महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट झाली, तेव्हा १०३ वी तिची पहिली बटालियन बनली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. ११४ वी ही भरती व प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. म्हणून एखाद्या घरात ‘पाचवी’ एवढाच शब्द उरला असेल, तर तो १०५ व्या पलटणीचा, १९२२ नंतरच्या सबंध रेजिमेंटचा किंवा तिच्या पाचव्या बटालियनचा, असा तिन्हींपैकी कोणाचाही असू शकतो; ‘काळी’ हे विशेषण टिकले म्हणून आपले काम सोपे झाले. तरीही यावर डोळे मिटून विसंबू नये. एका पलटणीत भरती झालेली माणसे दुसऱ्या पलटणीतली तूट भरून काढण्यासाठी पाठवली जात, आणि मराठी मुलखातले लोक केवळ मराठा पलटणींतच होते असेही नाही. खडकीचे सॅपर्स आणि मायनर्स, पायोनियर पलटणी, १९१७ मध्ये उभी राहून १९२१ मध्ये मोडलेली १११ वी महार पलटण, खेचरांच्या तुकड्या, मजुरांच्या आणि हमालांच्या तुकड्या, या सर्वांत ते होते. नोंदीत ‘ड्रायव्हर’ असा हुद्दा दिसला, तर त्या माणसाच्या हाती मोटार होती असे समजू नये. बहुधा तो खेचरे हाकणारा असतो.

एवढी तयारी झाली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धमृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरील शोधसूचीकडे वळावे. ही संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली, पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातील मृत्यू तिच्या कक्षेत येतात आणि तिची सूची पाहण्यास काही पैसे पडत नाहीत. बहुतेक मराठी वाचक येथे अडखळतात, कारण ते आजच्या इंग्रजी स्पेलिंगने आडनाव घालतात आणि काहीच मिळाले नाही म्हणून थांबतात. त्या काळच्या कारकुनाने नाव कानाने ऐकून लिहिले आहे. जाधवांचा जाधाव किंवा जादो, पवारांचा पोवार किंवा पुआर, शिंद्यांचा सिंदे किंवा सिंधिया, कदमांचा कुद्दम होणे नित्याचे आहे. शिवाय अनेक शिपायांचे आडनाव लिहिलेच गेले नाही आणि ‘रामा’ किंवा ‘धोंडी’ एवढेच नाव आडनावाच्या रकान्यात बसले. म्हणून आडनावाच्या जागी व्यक्तिनाव घालून पाहावे, नावाची पहिली दोनतीन अक्षरेच द्यावीत, पलटणीच्या नावात ‘मराठा’ हा शब्द जुन्या पद्धतीने, Mahratta असा मधल्या ‘एच’सह लिहावा, आणि यादी बसरा स्मारकापुरती मर्यादित करून १०५ व्या पलटणीतली सगळी नावे एकदा शांतपणे वाचून काढावीत. यांत एक संध्याकाळ जाते, पण चुकीच्या स्पेलिंगमुळे निसटलेला माणूस असाच सापडतो.

नाव सापडल्यावर वडिलांचे नाव व गाव जुळते का, हे पाहावे. जिल्हे त्या काळचे असतील: आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा नव्हता, सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख साताऱ्यात किंवा संस्थानांत होता, आणि कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, जंजिरा ही संस्थाने असल्यामुळे तेथील शिपायाच्या पुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचे नाव येते.

मृत्यूच्या तारखेवरून पुढचा माग निघतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकल्या होत्या. शरणागतीनंतर तेथील शिपायांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेले गेले आणि रास-अल-ऐनच्या परिसरात रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. त्यांतले पुष्कळ परतले नाहीत. एखाद्याचा मृत्यू एप्रिल १९१६ नंतरचा आणि पलटण या तिघांपैकी असेल, तर तो कैदेत गेला असण्याची शक्यता आधी तपासावी. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातील कैद्यांची कार्डे व याद्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, मात्र युरोपातल्या कैद्यांइतक्या भरघोस नोंदी तुर्की कैदेबाबत अपेक्षू नयेत. पलटणीच्या रोजनाम्याच्या प्रती लंडनजवळ क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत अधिकाऱ्यांची नावे येतात आणि शिपायांचे बहुधा आकडेच येतात: अमुक ठार, अमुक जखमी. तरीही आपल्या माणसाच्या मृत्यूच्या दिवशी पलटण कोठे होती आणि काय करत होती, हे त्यातून कळते. घराण्याच्या इतिहासात ते एक पान म्हणून घालण्याजोगे असते.

बसरा स्मारकाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. दगडी फलकांवर ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांच्या बाबतीत पलटणीखाली केवळ संख्या लिहिली गेली आणि नावे नोंदवहीत ठेवली गेली. हे वाचून राग आला तर तो रास्तच आहे. कमिशननेच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हा भेदभाव लेखी मान्य केला: किमान ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावे बहुधा कोठेच नोंदली गेली नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता, आणि त्यांत भारतीय व आफ्रिकी लोकच प्रामुख्याने होते. तेव्हा प्रवास करून कोणी तेथे गेले, तरी दगडावर पणजोबांचे नाव दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. शिवाय १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या राजवटीत हे स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बसऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवर नेले गेले. जुन्या पुस्तकातला नकाशा घेऊन निघालेल्याची फसगत होते.

प्रश्न : माझ्या आजोबांचे थोरले बंधू मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते आणि १९४४ मध्ये इटलीत पडले. कमिशनच्या नोंदीत ‘कसिनो मेमोरियल’ असे लिहिले आहे. आमचे एक नातेवाईक कसिनोच्या युद्धस्मशानभूमीत जाऊन सर्व रांगा पाहून आले, पण नावाचा दगड मिळाला नाही. नोंद चुकली आहे काय?

उत्तर : नोंद बरोबर आहे, आपल्या नातेवाइकांनी पाहिले ते दगड वेगळे आहेत. कसिनो येथे स्मशानभूमी आणि स्मारक एकाच आवारात आहेत. रांगांतले दगड दफन झालेल्यांचे आहेत, तर संगमरवरी फलकांवर कोरलेली ४,००० हून अधिक नावे इटलीच्या मोहिमेत गेलेल्या, पण ज्यांची कबर ज्ञात नाही अशांची आहेत. कमिशनच्या नोंदीत ‘पॅनेल’ हा शब्द आणि त्यापुढे आकडा असेल, तर तो या फलकाचा क्रमांक होय, आणि फलकांवरची मांडणी रेजिमेंटनुसार केलेली असते. पुन्हा कोणी जाणार असेल तर हा आकडा लिहून न्यावा.

दुसरे असे की कसिनो स्मारकावर नाव आहे म्हणून माणूस कसिनोच्या लढाईत पडला, असा अर्थ काढू नये. आपल्या आजोबांच्या बंधूंच्याच बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण घ्या. माणगाव तालुक्यातील या वीराने १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते ठिकाण कसिनोपासून दूर उत्तरेला आहे, तरीही त्यांचे नाव कसिनो स्मारकावरच आहे, कारण इटलीतल्या कबर नसलेल्यांसाठी तेच स्मारक ठरवलेले होते. ज्या परिसरात ते लढले त्या मॉन्टोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघटिकेच्या रूपातले एक स्मारक उभे राहिले. आजोबांच्या बंधूंच्या मृत्यूची तारीख जुलै १९४४ च्या आसपासची असेल, तर तेही याच खोऱ्यात पडले असण्याचा विचार करता येईल. मात्र तारीख पाहिल्याशिवाय तसे घरच्या वंशावळीत लिहू नये.

नोंदीत ‘क्रिमेशन मेमोरियल’ असे असते तेव्हा अर्थ वेगळा होतो. तेथे दहन झाल्याचे ज्ञात असते आणि त्याची नोंद ठेवलेली असते. इटलीत सांग्रो नदीच्या युद्धस्मशानभूमीत असे एक दहनस्मारक आहे, आणि अल अलामीन, केरेन, इंफाळ व कोहिमा येथेही आहेत. म्हणजे साधे स्मारक हे जागा न कळलेल्यांचे आणि दहनस्मारक हे अंत्यसंस्कार झालेल्यांचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा, असे मला वाटते. आपल्या माणसाला अग्नी मिळाला की नाही, हा प्रश्न कित्येक घरांत दोन पिढ्या न विचारता राहिलेला असतो.

आणखी एक सूचना. दुसऱ्या महायुद्धाच्या अनेक नोंदींत ‘अमक्याचा मुलगा’ याच्या जोडीला ‘अमकीचा पती’ असेही दिलेले असते. आपल्या नोंदीची ही ओळ नीट वाचावी. तरुणपणी विधवा झालेल्या, माहेरी परतलेल्या किंवा पुढे कोठे गेल्या ते कोणालाच न कळलेल्या स्त्रियांची नावे घरच्या वंशावळीतून बहुधा गळून पडतात, आणि शेजारच्या कोणत्याही कागदात न उरलेले ते नाव लष्कराच्या नोंदीत मात्र टिकून राहिलेले आढळते. ते नाव व गाव हाती आले की माहेरच्या बाजूने शोध घेता येतो. एखादे पत्र, छायाचित्र किंवा पेन्शनचा कागद जपलेला असेल, तर तो तिकडेच असण्याचा संभव अधिक.

भारतीय सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवरही क्रमांक व नाव कोरलेले असते. ब्रिटिश सैनिकांची तीच पदके कोरी असत. क्रमांक हाती असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला लेखी विचारणा करावी. अर्जात क्रमांक, हुद्दा, बटालियन, मृत्यूची तारीख, मूळ गाव आणि आपले नाते ही सर्व माहिती पहिल्याच पत्रात द्यावी आणि त्याची प्रत आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही पाठवावी. नुसत्या नावावर केलेल्या अर्जाला उत्तर मिळणे कठीण, कारण एका रेजिमेंटमध्ये एकाच नावाची कित्येक माणसे असतात.

प्रश्न : आमचे आजोबा रत्नागिरीकडचे. ते बोटीवर आगवाले होते आणि १९४२ मध्ये बोट बुडाली तेव्हा गेले, एवढेच माहीत आहे. ते सैनिक नव्हते, तर त्यांची नोंद कोठे शोधावी?

उत्तर : सैन्याच्या यादीत नाव शोधत बसू नका, कारण ते तेथे नसणार, तरीही त्यांची नोंद युद्धमृतांतच होते. व्यापारी जहाजांवरील खलाशी शत्रूच्या कारवाईत मरण पावले असतील, तर कमिशन त्यांना युद्धमृतांत धरते. सारंग (खलाशांचा मुकादम), टिंडेल, आगवाले, भंडारी अशा कामांवर कोकणातील हजारो माणसे ब्रिटिश बोटींवर होती. समुद्रात गेलेल्यांना कबर कोठली असणार? रॉयल इंडियन नेव्ही आणि भारतीय व्यापारी नौदल यांतील दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सुमारे ६,५०० जणांचे स्मारक मुंबईत मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये असून त्याचीच जोड चितगाव येथे आहे. पहिल्या महायुद्धातील २,००० हून अधिक खलाशांचे स्मारकही मुंबईतील त्याच जागी आहे.

येथे शोधाची किल्ली म्हणजे बोटीचे नाव, कारण खलाशांच्या नोंदी बोटीनुसार लावलेल्या असतात. आजोबांच्या बरोबरीने त्याच गावचे, त्याच सारंगाने भरती केलेले आणखी कोणी गेले होते का, ते गावात विचारावे. एका बोटीवर एकाच पट्ट्यातली माणसे घेण्याची रीत असल्यामुळे शेजारच्या घरातून बोटीचे नाव मिळते, असे पुष्कळदा घडते. खलाशाचा नोकरीचा दाखला हाती असेल तर त्यावर बोटींची नावे आणि चढल्या-उतरल्याच्या तारखा क्रमाने असतात. एक अट मात्र ध्यानात घ्यावी: बोटीवर आजाराने वारलेला व्यापारी खलाशी कमिशनच्या यादीत बसत नाही.

प्रश्न : पणजोबा १९१९ मध्ये लढाईवरून परत आले, नाव कमी करून घरी राहिले आणि १९२० मध्ये तापाने वारले. ‘लढाईतला आजार’ असेच सगळे म्हणत. गावच्या चावडीवर महायुद्धात गेलेल्यांची पाटी आहे. त्यांचे नाव कमिशनच्या यादीत घालता येईल का?

उत्तर : नाव नव्याने घालण्याची सोय आहे आणि २०२१ नंतर कमिशन अशा प्रकरणांकडे अधिक लक्ष देते, परंतु आपल्या पणजोबांच्या बाबतीत वाट कठीण आहे, हे स्पष्ट सांगतो. मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१ च्या आधीचा आहे, ही पहिली अट पूर्ण होते. सेवेत असताना मृत्यू झाला असता तर कारण कोणतेही चालले असते. सेवेतून मोकळे झाल्यानंतरचा मृत्यू असेल, तर तो सेवेत झालेल्या जखमेमुळे किंवा आजारामुळेच झाला, हे त्या काळच्या कागदाने दाखवावे लागते. १९१८ पासून इन्फ्लुएन्झाने देशभर थैमान घातले होते, त्यामुळे ‘ताप’ एवढ्या एका शब्दावर काही सिद्ध होत नाही.

चावडीवरची पाटी पुरावा म्हणून पुढे करू नये. सातारा, रत्नागिरी आणि इतर भरतीच्या जिल्ह्यांत गावोगाव बसवलेल्या या पाट्यांवर त्या गावातून किती माणसे महायुद्धाला गेली आणि त्यांतली किती मरण पावली, एवढे आकडेच बहुधा असतात, नावे नसतात. उपयोग होईल तो पुढील कागदांचा: नोकरी संपल्याचा दाखला आणि त्यावरील ‘वैद्यकीय कारणाने अपात्र’ अशा अर्थाची नोंद, पणजीबाईंना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळाले असल्यास त्याचा आदेश, आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतील, म्हणजे कोतवाल बुकातील, मृत्यूची तारीख व कारण. शेवटची नोंद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागावी. १९२० ची वही मोडीत असण्याचा संभव गृहीत धरूनच जावे. आपल्या घरात ती गोल ब्राँझची तबकडी असेल तर मात्र सारा नूर पालटतो, कारण सरकारने त्याच वेळी हा मृत्यू युद्धाशी जोडला होता असा तिचा अर्थ होतो. कोणी पैसे घेऊन नाव लावून देतो असे म्हणाला, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : माझे काका १९६५ च्या युद्धात शहीद झाले. कमिशनच्या संकेतस्थळावर त्यांचे नाव का नाही?

उत्तर : कमिशनची यादी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतच्या मृत्यूंपुरतीच आहे. स्वातंत्र्यानंतर कर्तव्य बजावताना पडलेल्या सैनिकांची नावे नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकात, त्यागचक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर आहेत. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले आणि तेथील नावे संकेतस्थळावरही शोधता येतात. इंडिया गेटवरची नावे वेगळी: ती पहिल्या महायुद्धातील, विशेषतः वायव्य सरहद्दीवरील, आणि १९१९ च्या अफगाण युद्धातील १३,००० हून अधिक जणांची आहेत. पुण्याचे वाचक खडकीच्या युद्धस्मशानभूमीबद्दलही विचारतात. तेथील दीड हजारांहून अधिक कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या असून बहुतांश ब्रिटिश व राष्ट्रकुलातील सैनिकांच्या आहेत.

प्रश्न : लष्करी नोंदीतून पणजोबांचे वडील कोण, एवढे कळले. त्याआधीची वंशावळ कशी लावावी? आमच्यातला एक पूर्वज पानिपतात पडला असे म्हणतात. त्याची समाधी शोधता येईल काय?

उत्तर : लष्कराच्या नोंदीतले वडिलांचे नाव आणि गाव हा मुलकी कागदांकडे जाणारा पूल आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये झाला आणि त्यानंतर जमिनीच्या प्रत्येक वारस-नोंदीचा फेरफार लिहिला जाऊ लागला. गाव नमुना सहामधील जुने फेरफार पाहिले, तर शिपाई वारल्यावर त्याच्या जमिनीला कोणाची नावे लागली, भाऊ किती होते, कोण अज्ञान होते आणि त्याचे पालक कोण, हे क्रमाने दिसते. अनेक जिल्ह्यांतील जुने अभिलेख आता शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. तेथे नसतील तर तहसील कार्यालयात नकलेसाठी अर्ज करावा.

त्याही मागे जायचे तर तीर्थक्षेत्रातील उपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे गाव व आडनाव सांगितले की आपल्या घराण्याचे उपाध्याय कोण ते कळते, आणि त्यांच्या वहीत कोण, कोणाच्या क्रियेसाठी, कोणाला बरोबर घेऊन आला होता, याची नोंद यजमानाच्या सहीसह असते. परदेशात गेलेल्या शिपायासाठी मागाहून भाऊ किंवा मुलगा तेथे आला असेल, तर तो उल्लेखही मिळू शकतो. दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांकडे, म्हणजे वंशावळी सांगत फिरणाऱ्या जमातीच्या लोकांकडे, घराण्यांच्या वंशावळी असतात. त्यांचे ज्ञान थक्क करणारे असते, पण घराण्याला मोठेपणा देणाऱ्या जुन्या पिढ्या दुसऱ्या साधनाने पडताळल्याशिवाय स्वीकारू नयेत, असे माझे मत आहे.

पानिपतच्या पूर्वजाबाबत समाधी शोधण्यात वेळ घालवू नये. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारानंतर रणावर पडलेल्या सामान्य शिपाई-स्वारांसाठी वेगवेगळ्या समाध्या बांधण्यासारखी परिस्थिती कोणाचीच नव्हती. त्याऐवजी घराण्याला त्या कामगिरीबद्दल इनाम, वतन किंवा बालपरवेशी, म्हणजे मृताच्या मुलाबाळांच्या पोषणासाठीची नेमणूक, मिळाली होती का, ते पाहावे. तशी सनद घरात असेल, किंवा गावच्या इनामाची चौकशी पुढे इंग्रजी अमलात झाली असेल, तर तिचे कागद पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तरात आणि इनाम कमिशनच्या कागदांत शोधता येतात. जाताना गाव, तेव्हाचा परगणा आणि आडनाव लिहून न्यावे, आणि मोडी वाचता येणाऱ्या माणसाला बरोबर घ्यावे. आडनाव नंतरच्या काळात बदललेले असेल तर जुन्या कागदात ते पद किंवा गावाच्या नावाने येईल, हेही त्याला आधी सांगून ठेवावे.